खाज थांबली, बुरशी नाही

पावसाळ्यात नीट न वाळलेली जीन्स तशीच चढवली जाते आणि काही दिवसांत जांघेत खाज सुरू होते. लाजेपोटी कुणाला दाखवलं जात नाही. मेडिकलमधून एक ट्यूब येते, दोन दिवसांत आराम पडतो आणि महिन्याभरात चट्टा दुप्पट होऊन परततो.

हे गजकर्ण, म्हणजेच नायटा. तो रक्त बिघडल्याने होत नाही. आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा, केराटिन या प्रथिनाने भरलेला असतो. डर्माटोफाइट गटातल्या बुरशी तेच केराटिन पचवून जगतात. त्या मधून बाहेर पसरत जातात, म्हणून मधली त्वचा निवळलेली आणि कड लाल, खवल्यांची दिसते. बुरशी जोमात असते ती कडेला. मलम कडेच्या बाहेर दोनेक सेंटिमीटरपर्यंत आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही साधारण दोन आठवडे लावायला सांगतात, ते यासाठीच.

मग त्या ट्यूबचं काय? तिच्यात बुरशीनाशकासोबत बरेचदा क्लोबेटासोलसारखं तीव्र स्टेरॉइड असतं. खाज आणि लाली ही शरीराने बुरशीशी चालवलेल्या लढाईची खूण. स्टेरॉइड ती लढाईच थांबवतं. रुग्णाला बरं वाटतं आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. जांघेतली त्वचा पातळ होऊन कायमचे वण पडतात, ते वेगळंच. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ती आजही सहज हातात पडतात. याचा मला मनापासून राग येतो.

त्यात बुरशीही बदलली आहे. भारतात प्रचंड फैलावलेल्या प्रकाराला २०२० मध्ये ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ हे नाव मिळालं. टर्बिनाफिन हे बुरशीनाशक औषध बुरशीच्या ज्या विकरावर (एन्झाइमवर) घाव घालतं, त्याच्या जनुकात या बुरशीच्या अनेक वाणांनी बदल करून घेतलेत. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञ बहुधा इट्राकोनॅझोल या दुसऱ्या बुरशीनाशकाकडे वळतात, तेही कित्येक आठवडे. यकृताचा किंवा हृदयाचा त्रास असेल, इतर गोळ्या चालू असतील, तर ते आधीच सांगायला हवं.

इतक्या फेऱ्यांनी थकलेला माणूस होमिओपॅथीकडे जातो, हे मी समजू शकतो. तिथे त्याचं निवांत ऐकून घेतलं जातं, स्टेरॉइडची ट्यूब बंद करायला सांगतात आणि तो सल्ला योग्यच आहे. पुढे सेपिया, टेल्युरियम किंवा सल्फर दिलं जातं. त्यांची ३० सी पोटेन्सी म्हणजे शंभरात एक भाग या प्रमाणात ओळीने तीस वेळा विरळ केलेलं औषध. बाराव्या पायरीनंतरच मूळ पदार्थाचा एक रेणूसुद्धा उरण्याची शक्यता नगण्य होते. मग बुरशीवर काम करणार काय? ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले. होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा तिला एकाही आजारात सापडला नाही.

स्टेरॉइड थांबवल्यावर चट्टा काही दिवस भडकतो. ‘औषध आतला रोग बाहेर काढतंय’ असं सांगितलं की रुग्ण धीर धरतो, आणि तेवढ्यात बुरशी घरभर पोचते. शंका असेल तर कडेची खरवड काढून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली बघता येते. बुरशीचे धागे तिथे स्पष्ट दिसतात. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा ठेवा, कपडे गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवा आणि घरात तिघांना चट्टे असतील तर तिघांचेही उपचार एकाच वेळी सुरू करा.