गाठ हृदयात, ताप अंगभर

कापूस वेचणीच्या दिवसांत बाईला दम लागला की आमच्या विदर्भात पहिली शंका रक्त कमी असल्याची. सोबत कसकस असेल तर मलेरिया किंवा टायफॉईड. ताप महिनाभर हटला नाही, वजन उतरलं, तर क्षयरोग. हे अंदाज बहुतेक वेळा खरे ठरतात, म्हणून ते आधी तपासलेच पाहिजेत. पण एखादी बाई सांगते, "वाकली का चक्कर येते जी, अन् कुशीवर वळली का मोकळं वाटते." कूस बदलल्यावर दम बदलतो, हे तिचं बोलणं केसपेपरवर जसंच्या तसं उतरवावं असं मला वाटतं.

कारण अशा वेळी हृदयात मिक्सोमा असू शकतो. ही गाठ अतिशय दुर्मीळ. हृदयातच उगवलेल्या सगळ्या गाठी धरल्या, तरी 10,000 शवविच्छेदनांत साधारण 2 सापडतात. मिक्सोमा कॅन्सर नव्हे. दिसायला पाण्यात फुगलेल्या डिंकासारखा: लिबलिबीत, चकाकणारा, हात लागला तर तुकडा पडेल असा. बहुतेकदा तो डाव्या वरच्या कप्प्यात, मधल्या पडद्याला देठाने लटकतो. ठोक्यागणिक झुलतो आणि खालच्या झडपेच्या तोंडाशी येऊन रक्ताची वाट अडवतो. स्टेथोस्कोपला हा आवाज संधिवाताच्या तापाने अरुंद झालेल्या झडपेसारखाच ऐकू येतो, आणि तो आजार आपल्या खेड्यांत नवा नाही. टू-डी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, मात्र झुलणारी गाठ डोळ्यांना दिसते. तिचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर ऐन तारुण्यात लकवा मारतो.

पण जंतू नसताना ताप कुठून? मला या आजारातलं सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच. जपानमधल्या ओसाका इथे तादामित्सु किशिमोतो आणि तोशिओ हिरानो यांच्या गटाने 1986 मध्ये एका प्रथिनाचं जनुक वेगळं केलं. आज त्याला इंटरल्यूकिन-6 म्हणतात. पुढच्याच वर्षी त्यांना दिसलं की मिक्सोमाच्या पेशी हेच प्रथिन रक्तात सोडतात. शरीराला तो धोक्याचा सांगावा वाटतो. मग ताप येतो, सांधे दुखतात, रक्ततपासणीत दाह दाखवणारा ईएसआर चढतो, वजन उतरतं. याच प्रथिनाची वाट अडवणारं टोसिलिझुमॅब हे औषध पुढे आमवातावर आणि गंभीर कोविडमध्येही वापरलं गेलं.

इलाज एकच, शस्त्रक्रिया. स्टॉकहोममध्ये क्लॅरेन्स क्राफोर्ड यांनी 1954 मध्ये शस्त्रक्रियेपुरतं हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनच्या आधाराने मिक्सोमा पहिल्यांदा यशस्वीपणे काढला. अडचण अशी, की या यंत्राच्या प्लॅस्टिक नळ्यांतून फिरताना रक्त स्वतःच पेटून उठतं आणि तेच इंटरल्यूकिन-6 पुन्हा वाढतं. स्टिरॉइडने हा दाह दाबला तर रुग्ण वाचतील, अशी आशा होती. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 18 देशांत या यंत्रावर हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या 7,507 रुग्णांच्या चाचणीत मृत्यू काही कमी झाले नाहीत. दाह दिसला म्हणून तो सरसकट दाबावा, हा समज तिथे मोडला.

यंत्राने पेटवलेला दाह मात्र काही दिवसांत निवतो. गाठ गेल्यावर तिचा तापही जातो, ईएसआर उतरतो, जेवण गोड लागू लागतं. देठ राहिला तर गाठ पुन्हा धरते, म्हणून सर्जन पडद्याचा थोडा भाग सोबत कापतात. आणि छातीवरचा व्रण सुकून बाई पुन्हा शेतात जाऊ लागली, तरी इकोसाठी तिला नागपूरची एसटी अधूनमधून धरावीच लागते.