वारसाने आलेलं रिव्हॉल्व्हर नावावर करताना: अर्ज, कागदपत्रं आणि फ्रेमची ओळख

परवानाधारक वारला की त्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात कुलूपबंद ठेवूनही चालत नाही. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 21 प्रमाणे ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावं लागतं. ते भरलेलंच आहे असं समजा आणि स्वतः उघडायला जाऊ नका. जमा केल्याची पावती मात्र जपा.

21 वर्षं पूर्ण झालेल्या वारसाला शस्त्र नियम 2016 च्या नियम 25 खाली आपल्या नावाने परवाना मागता येतो. परवानाधारक हयात असला, तरी त्याने सत्तरी गाठली असेल किंवा शस्त्र 25 वर्षं बाळगलं असेल, तर त्यालाही ते वारसाकडे देता येतं. अर्ज नमुना ए-1 मध्ये करायचा: मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पोलीस आयुक्तांकडे, इतरत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे. सोबत मृत्यूचा दाखला, मूळ परवाना, ओळख व पत्त्याचे पुरावे, फोटो, नमुना एस-3 मधलं वैद्यकीय प्रमाणपत्र आणि इतर वारसांची ना-हरकत. भावंडांची संमती आधीच लेखी घ्या, फाइल बहुतेकदा तिथेच अडते. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात आणि वारशाची शस्त्रंही त्यातच धरली जातात.

आता शस्त्राचं वर्णन. परवान्यावर फ्रेमचा, म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या मूळ सांगाड्याचा, आकार नसतो. तिथे प्रकार, बोअर (नळीचा आतला व्यास) आणि क्रमांक लागतो. तरी जुनं स्मिथ अँड वेसन असेल, तर फ्रेम कळलेली बरी. या कंपनीच्या फ्रेम अक्षरांनी ओळखतात: जे लहान, के मध्यम, एल त्याहून थोडी भक्कम, एन मोठी, एक्स सर्वांत मोठी. .38 स्पेशल या गोळीच्या जे फ्रेममध्ये बहुधा पाच गोळ्या मावतात, के मध्ये सहा. पण .32 मध्ये लहान फ्रेमलाही गोळ्यांची सहा घरं असतात, म्हणून नुसती घरं मोजून बोअर ठरवू नका. के फ्रेम .32 मध्येही निघाली आणि .38 मध्येही. आपल्याकडे .32 सामान्य परवान्यात बसतं; .38 प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं आणि प्रकरण केंद्र सरकारकडे जातं. त्यामुळे नळीवरचा शिक्का वाचलाच पाहिजे.

क्रमांकाचंही तसंच. सिलिंडर (गोळ्यांचं फिरतं नळकांडं) बाहेर वळवल्यावर फ्रेमच्या खाचेत दिसणारा आकडा बऱ्याचदा कारखान्यातला जुळणीचा असतो. खरा क्रमांक जुन्या नगांवर मुठीच्या तळाशी असतो आणि नंतर बसवलेल्या मोठ्या मुठीखाली झाकला जातो. विक्रेत्याकडून मूठ काढवून तो जुन्या परवान्याशी ताडून पाहा. क्रमांक खोडलेला किंवा बदललेला दिसला, तर अर्जापूर्वीच पोलिसांना लेखी कळवा. कलम 8 नुसार तो बदल ज्याच्या ताब्यात शस्त्र आहे त्यानेच केला, असं गृहीत धरलं जातं.