रिपोर्टात कॅल्शियम नॉर्मल, मग हाड कसं मोडलं?

मावशी न्हाणीघरात घसरली, हात टेकला आणि मनगट मोडलं. प्लास्टर घालून घरी आल्यावर तिने पिशवीतून रक्ताचा जुना रिपोर्ट काढून माझ्यापुढे धरला. कॅल्शियम 9.4. "नॉर्मल आहे ना रे? मग हाड कसं मोडलं?"

प्रश्न रास्त आहे. गोंधळ असा की रक्तातलं कॅल्शियम आणि हाडांतलं कॅल्शियम हे एकच मूलद्रव्य असलं तरी एकाचा आकडा पाहून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण एक किलो कॅल्शियम असतं. त्यातलं 99 टक्के हाडांत आणि दातांत, फॉस्फेटशी जखडलेलं. रक्तात किती? 100 मिलीलिटरमागे 8.5 ते 10.5 मिलिग्रॅम. तीनेक लिटर रक्तद्रवाचा हिशोब केला तर सगळं मिळून जेमतेम 300 मिलिग्रॅम, म्हणजे गाईच्या दुधाच्या एका मोठ्या पेल्यात मावेल एवढंच.

पण या चिमूटभर कॅल्शियमवर हृदय चालतं. लंडनचे डॉक्टर सिडनी रिंगर यांना हे 1883च्या सुमारास कळलं, तेही एका चुकीमुळे. बेडकाचं काढलेलं हृदय ते मिठाच्या द्रावणात ठेवत आणि ते छान धडधडत राही. मग लक्षात आलं की द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाच्या पाण्यात केलेलं होतं. शुद्ध पाणी वापरल्यावर हृदय थोड्याच वेळात मंदावून थांबलं. कॅल्शियम घातल्यावर पुन्हा चालू झालं. दवाखान्यात 'आरएल' सलाईनची बाटली लावतात ना, त्यातला 'आर' म्हणजे हेच रिंगर.

म्हणून शरीर रक्तातला आकडा हलू देत नाही. गळ्यात थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या साधारण चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. कॅल्शियम जरा उतरलं की त्या संप्रेरक सोडतात. मग मूत्रपिंडं लघवीवाटे जाणारं कॅल्शियम अडवतात, ड जीवनसत्त्व जास्त कामाला लागून आतडी अन्नातून अधिक ओढतात आणि तेवढ्याने भागलं नाही तर हाड विरघळवून घेतलं जातं. चुलीवरचं पातेलं भरलेलं दिसतं, पण कणगीत किती उरलंय ते त्यावरून कसं सांगणार? हाडं ठिसूळ झालेल्या बहुतेकांच्या रक्तात कॅल्शियम नॉर्मलच निघतं.

याची उलट बाजू पाहायची तर गोठ्यात जा. भरपूर दूध देणारी संकरित गाय व्याली की एक-दोन दिवसांत कधीकधी खाली बसते ती उठतच नाही, मान पोटाकडे वळवून पडून राहते. याला मिल्क फिवर म्हणतात. (नाव ताप, पण गाईचे कान गार!) तिच्या हाडांत कित्येक किलो कॅल्शियम असतं, पण चिकातून एकदम एवढं बाहेर जातं की हाडांतून काढून रक्तात आणायला शरीराला वेळच मिळत नाही. जनावरांचे डॉक्टर शिरेतून कॅल्शियमची बाटली अगदी हळूहळू सोडतात, कारण घाई केली तर हृदयच थांबायचं. बऱ्याचदा बाटली संपता संपता किंवा थोड्या वेळाने गाय उठून उभी राहते. तेवढ्या वेळात हाडं काही बळकट झालेली नसतात, फक्त रक्तातली तूट भरलेली असते.

माणसांतही रक्तातलं कॅल्शियम घसरलं की ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, हाताचे स्नायू आखडतात. आकडा वर गेला तर खूश होऊ नका. पॅराथायरॉइडची एखादी ग्रंथी बेलगाम झाली की हाडं पोखरली जातात आणि रक्तात कॅल्शियम चढतं. म्हणजे रिपोर्ट जास्त, हाड कमी.

हाडं मोजायची तपासणी वेगळी: डेक्सा स्कॅन. क्ष-किरणांनी कंबरेची आणि खुब्याची घनता मोजतात. टी-स्कोअर म्हणजे निरोगी तरुण हाडांच्या तुलनेत आपली घनता किती कमी-जास्त. तो उणे 2.5 किंवा त्याखाली गेला तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झाली. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं आणि हाडांची झीज वेगाने होते, त्यामुळे मावशीच्या वयाला ही तपासणी महत्त्वाची. रोजचं 1000 ते 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम दूध, नाचणी, तीळ यांतून मिळवायचं ते या कणगीसाठी.

मावशीचा टी-स्कोअर उणे 2.9 आला. त्याच आठवड्यात रक्तही पुन्हा तपासलं होतं. कॅल्शियम 9.3.