पार्श्वभूमी: शहरातून घरी येणारा बेकरीचा खाऊ

शहरात गेलेल्या माणसाने परतताना बेकरीचा पुडा आणावा, या अपेक्षेमागे आवडीनिवडीच्या आधी भट्टीचे गणित आहे. मोठी भट्टी तापवायला पुष्कळ सरपण लागते आणि ती रोज, भरपूर मालासाठी वापरली तरच परवडते. म्हणून रोजचे गिऱ्हाईक हाकेच्या अंतरावर असेल तिथेच भट्टी टिकली. इ. स. ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई या रोमन नगरात तिसाहून अधिक बेकऱ्यांचे अवशेष सापडले आहेत, आणि आठ फाके आखलेले, कोळसा झालेले पावही.

पदार्थ शहरात तयार होणे आणि तो धड घरी पोहोचणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोहोचण्याच्या कामात पहिले यश दोनदा भाजलेल्या पदार्थाला मिळाले; ‘बिस्कीट’ या शब्दाचा लॅटिनमधला मूळ अर्थच ‘दोनदा भाजलेले’ असा आहे. खलाशांच्या शिधापेटीत महिनोन्‌महिने टिकणारे हे बिस्कीट इतके टणक असे की ते पाण्यात किंवा रश्शात भिजवूनच खावे लागे. आजची बहुतेक बिस्किटे एकदाच भाजली जातात. नाव तेवढे मागे राहिले आहे.

आपण ज्याला वाटेतला खाऊ म्हणतो, तो खऱ्या अर्थाने एकोणिसाव्या शतकात घडला. इंग्लंडमधील रेडिंग येथे १८२२ मध्ये सुरू झालेल्या एका बेकरीसमोर घोडागाड्या थांबण्याची खानावळ होती, आणि गाडी थांबली की बेकरीचा पोऱ्या टोपली घेऊन प्रवाशांकडे जाई. खडबडीत रस्त्यावर बिस्किटांचा चुरा होऊ नये म्हणून त्याच कुटुंबातल्या एकाने पत्र्याचे डबे बनवायला घेतले, आणि पुढे या डब्यांचाच स्वतंत्र धंदा झाला. रेल्वे आल्यावर माल दूरवर जाऊ लागला. १८४३ मध्ये एका इंग्रज रसायनतज्ज्ञाने यीस्टशिवाय पीठ फुगवणारी पावडर तयार केल्यामुळे केकसारखे पदार्थ करणेही सोपे झाले.

कागदाची गोष्ट याहून उशिराची. कागदी पिशव्या बनवणाऱ्या यंत्राचे पेटंट अमेरिकेत १८५२ मध्ये निघाले, पण त्या पिशव्यांना सपाट बूड नव्हते, आणि बूड नसलेल्या पिशवीत केक नेणे म्हणजे तो चेपलेला मिळणार हे ठरलेलेच. सपाट बुडाच्या पिशवीचे यंत्र एका महिला संशोधकाने बनवले. तिची कल्पना दुसऱ्याने चोरल्यामुळे तिला हक्कासाठी भांडावे लागले, आणि अखेर १८७१ मध्ये पेटंट तिच्या नावावर झाले. घडी घालून ठेवता येणारा पुठ्ठ्याचा खोका १८७९ चा. आज मिठाई असो की पेस्ट्री, दोऱ्याने बांधून हातात येतो तो याच खोक्याचा वंशज.

खोका आणि डबा यांनी चुऱ्याचा प्रश्न सोडवला, शिळेपणाचा नाही. इथे मराठी वाचकाने थोडे थांबावे, कारण आपल्याकडे यासाठी दोन वेगळी क्रियापदे आहेत. पाव शिळा होतो, बिस्कीट सादळते. पहिल्यात मऊ पदार्थ वातड आणि कडक होतो. दुसऱ्यात कुरकुरीत पदार्थ हवेतला दमटपणा ओढून नरम पडतो. इंग्रजीत दोन्हींना बहुधा एकच शब्द लावतात आणि त्यातून बराच गोंधळ होतो. पाव केवळ वाळल्यामुळे शिळा होतो हा समज १८५२ मध्येच एका फ्रेंच रसायनतज्ज्ञाने खोडून काढला होता. पाणी न गमावताही पाव कडक होतो आणि गरम केला की काही काळ पुन्हा मऊ होतो, हे त्याने दाखवले. भाजताना पाणी पिऊन फुगलेले स्टार्च थंड झाल्यावर पुन्हा घट्ट रचना धरते, हे त्याचे कारण विसाव्या शतकात स्पष्ट झाले.

हाच फरक पुढे एका करविषयक निवाड्यात अनपेक्षितपणे कामी आला. ब्रिटनमध्ये केकवर मूल्यवर्धित कर शून्य दराने आणि चॉकलेटचा थर असलेल्या बिस्किटावर पूर्ण दराने लागतो. ‘जाफा केक’ या पदार्थात खाली स्पंजाची चकती, त्यावर संत्र्याची जेली आणि वर चॉकलेट असते. आकार बिस्किटाचा, दुकानातली जागा बिस्किटांशेजारची आणि खाण्याची रीत बोटांनी उचलून तोंडात टाकण्याची. करखात्याच्या मते हे बिस्कीट होते. १९९१ मध्ये न्यायाधिकरणाने नाव, घटक, पोत, आकार, वेष्टन अशा अनेक बाजू तपासल्या. नावाला त्याने फारसे वजन दिले नाही, पण पदार्थ उघडा ठेवल्यावर केकसारखा कडक होतो, बिस्किटासारखा नरम पडत नाही, हे मात्र विचारात घेतले. पदार्थात दोहोंची लक्षणे आहेत, तरी तो केक मानण्याइतकी केकची लक्षणे त्यात आहेत, असा निर्णय झाला. यात कर वाचवण्याची खटपट पाहणारे आहेत आणि काटेकोर वर्गीकरण पाहणारेही. प्रस्तुत लेखकाला निकाल योग्य वाटतो, कारण कडक होण्याचा हा निकष असा आहे, जो उत्पादकाला वेष्टन किंवा जाहिरात बदलून फिरवता येत नाही.

दरम्यान वेष्टनात बरेच काही बदलले होते. एकोणिसावे शतक संपता संपता मेणकागदाचे अस्तर असलेली बिस्किटांची पाकिटे अमेरिकेत आली आणि पिंपातून सुटी बिस्किटे विकण्याची पद्धत मागे पडू लागली. ओलावा रोखणारे सेलोफेन १९२७ चे. सादळण्यावर उपाय मिळाला तो असा. शिळेपणावर तितका खात्रीचा उपाय मात्र मिळाला नाही, आणि फ्रिज तर उलट काम करतो: शून्याच्या किंचित वरच्या तापमानाला पाव सर्वांत लवकर कडक होतो. पूर्ण गोठवला तर ही क्रिया जवळपास थांबते.

१९६१ मध्ये ब्रिटनमध्ये विकसित झालेल्या वेगवान पद्धतीसारख्या तंत्रांमुळे कारखान्यातला मऊ पाव लहान गावांतही रोज पोहोचू लागला. पाकीटबंद बिस्किटे तर त्याआधीच पोहोचली होती. त्यामुळे शहरातून आणण्याजोगे उरले ते मुख्यतः सुटे, ताजे आणि नाजूक पदार्थ, म्हणजे क्रीमचे, थरांचे, त्याच दिवशी भाजलेले. नेमके ते, जे प्रवासाला सर्वांत कमी सोसतात. पाकिटावर छापलेली तारीख पाकीट बंद असेपर्यंतची असते, आणि सुट्या मालाच्या खोक्यावर ती बहुधा नसतेच. म्हणून खोक्याचा दोरा सोडता सोडता आणणाऱ्याला अजूनही विचारले जाते: सकाळी घेतलंस की निघताना?