कर्करोगातून बरे झालेले रुग्ण आणि धूम्रपानाच्या धोक्याची जाणीव

कर्करोगाचे निदान झालेल्या किंवा त्यातून बरे झालेल्या व्यक्तींना धूम्रपानाच्या दुष्परिणामांची असलेली माहिती आणि हा धोका आपल्याला अजूनही आहे याचे भान, असे दोन्ही धूम्रपानाच्या धोक्याच्या जाणिवेत येते. सिगारेटने कर्करोग होतो हे बहुतेकांना ठाऊक असते. कर्करोग होऊन गेल्यावर ओढलेली सिगारेट काय करते, हे मात्र अनेकांना कोणी समजावून सांगितलेलेच नसते.

धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध 1950 साली डॉल व हिल या ब्रिटिश संशोधकांच्या अभ्यासाने ठळकपणे पुढे आणला. कर्करोग झालेल्यांचा स्वतंत्र विचार अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या (सार्वजनिक आरोग्यावर बोलणारा तिथल्या सरकारचा प्रमुख डॉक्टर) 2014 च्या अहवालात झाला. निदानानंतर धूम्रपान चालू ठेवल्यास एकूण मृत्यूचा, त्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूचा आणि दुसरा नवा कर्करोग उद्भवण्याचा धोका वाढतो, आणि सोडल्यास रुग्णाचे भवितव्य सुधारते, असा त्याचा निष्कर्ष होता.

ही हानी उपचार चालू असतानाच सुरू होते. धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला चिकटून ऊतींचा ऑक्सिजन तोडतो. ऑक्सिजन कमी मिळालेल्या गाठीवर किरणोपचाराचा मारा कमी पडतो. शस्त्रक्रियेच्या जखमा उशिरा भरतात. फुप्फुसाच्या कर्करोगावरील एर्लोटिनिबसारखे औषध धूम्रपान करणाऱ्यांच्या शरीरातून लवकर निघून जाते, त्यामुळे रक्तातील त्याची पातळी खाली राहते. उपचार संपल्यावरही काही धोके मागे उरतात. हॉजकिन लिम्फोमा या लसिकाग्रंथींच्या कर्करोगासाठी छातीवर किरणोपचार घेतलेल्या व्यक्तीने धूम्रपान केल्यास फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. लहानपणी कर्करोग झालेल्यांचे हृदय किंवा फुप्फुसे काही औषधांनी आधीच दुबळी झालेली असू शकतात. अशा मुलांना वयात येण्याआधीच हे सांगायला हवे.

माहितीतली सर्वांत मोठी पोकळी मूत्राशयासारख्या अवयवांबाबत आढळते. धुरातील कर्कजन्य द्रव्ये रक्तातून मूत्रपिंडांत आणि तिथून लघवीत उतरतात, मूत्राशयाच्या अस्तराला तासन्‌तास लागून राहतात. तरीही मूत्राशयाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्णाला आपल्या आजाराचा सिगारेटशी संबंध जोडता येईलच असे नाही. धूर जातो छातीत, मग त्रास छातीलाच होणार, हा समज पक्का असतो.

दुसरा अडसर निराशेचा. ‘व्हायचं ते होऊन गेलं, आता सोडून काय उपयोग?’ हे वाक्य खरे तर वैद्यकीयदृष्ट्या चूक आहे, आणि ते तसे स्पष्टपणे सांगणे हे उपचार करणाऱ्यांचे काम आहे. पण तपासणीला आलेल्या रुग्णाला ‘आता ओढत नाही ना?’ असे विचारले, की तो मान हलवून मोकळा होतो. आजार आपणच ओढवून घेतला हा ठपका त्याच्या मनात असतोच. नातेवाईक शेजारी बसलेले असतात. म्हणूनच रुग्णांच्या सांगण्यावर बेतलेले आकडे जपून वाचावे लागतात. रक्त, लघवी किंवा लाळेतील कोटिनिन या निकोटिनपासून बनणाऱ्या द्रव्याची चाचणी अधिक भरवशाची असते.

नुसत्या माहितीने सवय सुटत नाही, कारण निकोटिन हे व्यसन आहे. समुपदेशनाला निकोटिनच्या पट्ट्या वा च्युइंगगम, व्हॅरेनिक्लिन किंवा ब्युप्रोपिऑन या धूम्रपान सोडायला मदत करणाऱ्या गोळ्या यांची जोड दिल्यास यशाची शक्यता वाढते. मात्र ब्युप्रोपिऑन फेफऱ्याचा त्रास असलेल्यांना देत नाहीत, त्यामुळे मेंदूत गाठ असलेल्या रुग्णाबाबत निर्णय कर्करोगतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच घ्यावा लागतो.