सही कोणाची? जबरदस्तीच्या मानसोपचारामागची पार्श्वभूमी

आपल्या खान्देशात कुणी विचित्र वागायला लागलं की दोनच वाक्यं कानावर येतात, एक तर "याले बाहेरनं लागेल शे" आणि त्यावरचे उतारे-अंगारे करून थकले की "ठाण्याला नेऊन टाका". ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही राज्यातली चार जुनी सरकारी मनोरुग्णालयं, त्यातलं एकही जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये नाही, आणि जळगावहून ठाणे जवळपास 400 किमी. त्यामुळे जबरदस्ती हॉस्पिटलच्या गेटवर सुरू होत नाही, ती घरातच सुरू होते. मागच्या खोलीला बाहेरून कडी, जीपमध्ये दोन्ही बाजूंना दोन चुलतभाऊ बसवायचे, नाहीतर वरणात हॅलोपेरिडॉल या मनोविकारावरच्या औषधाचे थेंब टाकायचे (त्याला रंग नाही, वास नाही, म्हणून घरचे थेंबच मागतात). पण कायद्याचा सगळा इतिहास बघितला तर तो घराबद्दल फारसं बोलत नाही, तो मुख्यतः गेटबद्दल आणि तिथे सही कोण करणार याबद्दल आहे.

पहिली सही मॅजिस्ट्रेटची. 1858 साली इंग्रजांनी कायदे केले, त्यात एक वेड्यांच्या इस्पितळांसाठी होता आणि एक खास वेड्या माणसाच्या इस्टेटीसाठी, म्हणजे माणूस आणि त्याची जमीन हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे सरकारला तेव्हापासून माहीत होतं. रस्त्यावर फिरणारा किंवा धोकादायक वाटणारा माणूस पोलिसांनी पकडायचा, मॅजिस्ट्रेटपुढे उभा करायचा, डॉक्टरने सर्टिफिकेट द्यायचं, झालं. 1912 च्या लूनसी (वेडेपणाविषयीच्या) अ‍ॅक्टनंतर ही इस्पितळं तुरुंग खात्याकडून सिव्हिल सर्जनकडे आली, पण पद्धत तीच राहिली. हा कायदा स्वातंत्र्यानंतरही 40-45 वर्षं चालला!

तोवर तिकडे युरोपात बरंच काही घडून गेलं होतं. 1935 ला पोर्तुगालच्या मोनिझने मेंदूतले तंतू कापायची शस्त्रक्रिया काढली आणि 1949 ला त्याला चक्क नोबेल मिळालं, 1938 ला रोममध्ये सेर्लेत्ती आणि बिनी या डॉक्टरांनी मेंदूला विजेचा पहिला शॉक दिला. पेशंटला विचारायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. शॉक वाईटच असं मात्र मी म्हणणार नाही, जो माणूस खातपीत नाही, हलत नाही, त्याला तो वाचवतो हे कुठलाही सायकियाट्रिस्ट सांगेल. भांडण होतं भूल न देता देण्याबद्दल, आणि आपल्याकडे ते कितीतरी वर्षं तसंच चाललं होतं. 1978 ला इटलीने बासाग्लिया या डॉक्टरच्या चळवळीमुळे कायदाच केला की जुन्या मनोरुग्णालयांत आता नवीन भरती बंद.

आपल्याकडे 1987 चा मेंटल हेल्थ अ‍ॅक्ट आला, लागू व्हायला 1993 उजाडलं. आता सही नातेवाइकाची. पेशंट तयार नसेल तर नातेवाइकाचा अर्ज, दोन डॉक्टरांची सर्टिफिकेटं, आणि 90 दिवसांपर्यंत आत, मॅजिस्ट्रेटची गरज नाही. घरच्यांना हे सोयीचं होतं आणि खरं सांगायचं तर बऱ्याच पेशंटच्याही भल्याचं होतं, पण घरचे प्रेमानेच आणतात हे कायद्याने गृहीत धरलं होतं. त्याच 1993 मध्ये पत्रकार शीला बारसे यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की गुन्हा नसताना मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणं बेकायदेशीर आहे. म्हणजे तोवर ठेवत होते.

मग 6 ऑगस्ट 2001, तामिळनाडूतलं एरवाडी. दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रमात आग लागली, माणसं साखळदंडाने बांधलेली होती, 28 जण गेले. आपल्याला हे लांबचं वाटायला नको, आपल्या शेजारी बुलढाण्यात सैलानीचा दर्गा आहे, तिथे आपल्याकडूनही लोक पेशंट घेऊन जातात. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरीने, साखळीने बांधून मारणं हा गुन्हा ठरलाय, तो उगीच नाही.

2007 ला भारताने अपंगांच्या हक्कांचा यूएन करार मान्य केला, त्यामुळे जुना कायदा बदलणं भागच होतं. 2017 चा मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्ट मे 2018 पासून लागू झाला, त्याच्या मसुद्यात पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजमधल्या मंडळींचा हात होता. आता पहिली सही पेशंटची. तो समजून निर्णय घेऊ शकतो असंच आधी धरायचं. नसेल घेऊ शकत तर एका सायकियाट्रिस्टने आणि आणखी एका डॉक्टरने किंवा मानसिक आरोग्य तज्ज्ञाने वेगवेगळं तपासायचं, भरती 30 दिवसांपर्यंत, आणि अशा भरतीवर देखरेख करणाऱ्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन बोर्डाला 7 दिवसांत कळवायचं, बाई किंवा अल्पवयीन असेल तर 3 दिवसांत. साखळी पूर्ण बंद, भुलीशिवाय शॉक बंद. इमर्जन्सीत 72 तास उपचार करता येतात, पण त्यात शॉक नाही.

डॉक्टर लोक यावर वैतागतात, आणि मला त्यांचं अर्धं पटतं. शिरपूरच्या पुढे पाड्यावर राहणाऱ्या बापाने पोराला कसंबसं धुळ्यापर्यंत आणलं, पोरगा म्हणतो मला काही झालेलं नाही, आता फॉर्म भरत बसायचं का? पण वरणातल्या थेंबांना तर कुठलाच फॉर्म नाही, तिथे बापच डॉक्टर आणि बापच मॅजिस्ट्रेट.

एक कलम मात्र इकडे फार कुणाला माहीत नाही. बरं असताना साध्या कागदावर, सही किंवा अंगठा करून, आपला प्रतिनिधी (आपण निर्णय घेऊ शकत नसू तेव्हा आपल्या वतीने भरतीचा अर्ज करणारा) कोण ते लिहून ठेवता येतं आणि नंतर कधीही बदलता येतं. तो नातेवाईकच पाहिजे असं काही नाही. सातबाऱ्यावरून भावाशी वाद असेल तर मित्राचं नाव लिहा, मग भाऊ पेशंटला घेऊन आला तरी प्रतिनिधी म्हणून अर्ज मित्राचाच लागतो.