पहिली बंदूक : अमेरिकेतील मुलांचे बंदूक-शिक्षण

अमेरिकेच्या ग्रामीण भागात, विशेषतः शिकारीची परंपरा असलेल्या कुटुंबांत, मुलांना शाळकरी वयातच स्वतःची पहिली बंदूक देण्याची प्रथा आहे. ती बहुधा वाढदिवसाला किंवा नाताळात मिळते. काही घरांत आजोबांचीच बंदूक नातवाकडे येते. ती हाताळण्याची शिस्त घरातली वडीलधारी माणसे शिकवतात.

सुरुवात बहुतेक वेळा छऱ्याच्या हवाई बंदुकीने होते आणि नंतर पॉइंट टू-टूची, म्हणजे ०.२२ इंच व्यासाच्या लहान गोळीची, एकबारी रायफल येते. तिचा खांद्याला बसणारा धक्का सौम्य असतो. शिवाय प्रत्येक बाराला नवे काडतूस हाताने भरावे लागत असल्याने घाई आपोआप आवरली जाते.

शिकवणीचा गाभा चार नियमांत आहे. माजी मरीन अधिकारी जेफ कूपर यांनी ते रूढ केले. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजायचे. जे उद्ध्वस्त करायचे नाही त्यावर नळी रोखायची नाही. नेम धरला जाईपर्यंत बोट चापाबाहेर ठेवायचे. लक्ष्य कोणते आणि त्यामागे काय आहे हे पाहायचे. हे नियम पाठ होतात लवकर, पण अंगवळणी पडतात ते रानातल्या सरावाने. तारेचे कुंपण आडवे आले की मुलाने थांबायचे, बोल्ट (काडतुसामागचा सरकता दांडा) उघडून काडतूस काढायचे, रायफल तारेखालून पलीकडे जमिनीवर ठेवायची, नळी स्वतःपासून दूर, आणि मग स्वतः दस्त्याच्या बाजूने ओलांडायचे. सोबत कोणी असेल तर एकाने रिकाम्या बंदुका धरायच्या आणि दुसऱ्याने ओलांडायचे. बंदूक हातात घेताना, देणाऱ्याने समोर तपासली असली तरी, आपणही कोठी, म्हणजे काडतूस बसते ती जागा, उघडून पाहायची.

या घरगुती शिकवणीला नंतर सरकारी रूप आले. न्यूयॉर्क राज्याने १९४९ मध्ये नवशिक्या शिकाऱ्यांसाठी असे प्रशिक्षण सक्तीचे केले आणि हळूहळू ते देशभर पसरले. बंदुका व काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीव संवर्धनाकडे वळवणाऱ्या १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यात १९७० मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून या प्रशिक्षणाला त्यातून निधी मिळतो. पुढच्या दशकांत शिकारीतले अपघात बरेच घटले. त्यात शिकारी दुरून दिसावा म्हणून घातल्या जाणाऱ्या भडक नारिंगी जाकिटांचाही वाटा आहे.

घरातला प्रश्न मात्र वेगळा आहे. बंदूकधारकांची संघटना असलेल्या नॅशनल रायफल असोसिएशनने १९८८ मध्ये लहान मुलांसाठी ‘एडी ईगल’ हा कार्यक्रम सुरू केला : बंदूक दिसली तर थांब, हात लावू नकोस, तिथून पळ, मोठ्यांना सांग. मुले हे घडाघडा म्हणतात. पण ‘पीडियाट्रिक्स’ या बालरोगशास्त्राच्या नियतकालिकात २००१ मध्ये आलेल्या अभ्यासात, आठ ते बारा वर्षांच्या मुलांना खोलीतल्या खणात खरी पिस्तूल सापडेल अशी व्यवस्था केली होती. ती सापडलेल्यांपैकी अनेकांनी हाताळली, काहींनी चापही ओढला. हाताळणाऱ्या बहुतेकांना आधी बंदुकीबाबत समज दिलेली होती. म्हणूनच मुलाच्या समजूतदारपणावर घराची सुरक्षितता सोपवणे चूक आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना घरात बंदूक नसणेच सर्वांत सुरक्षित मानते; असलीच तर ती रिकामी व कुलुपात आणि काडतुसे वेगळ्या कुलुपात असावीत, असे सांगते. २०२० पासून अमेरिकेत १ ते १९ या वयोगटातल्या मृत्यूंचे पहिले कारण बंदूक हेच आहे. त्यांत अपघात थोडे, हत्या आणि आत्महत्या फार. निराश झालेल्या किशोरवयीन मुलाला नळीच्या दिशेचा नियम वाचवत नाही. कुलूप वाचवू शकते.

संघराज्याच्या कायद्यानुसार परवानाधारक दुकानदार १८ वर्षांखालील व्यक्तीला रायफल विकू शकत नाही, पण पालकांनी मुलाला ती देण्यास त्या कायद्याची आडकाठी नाही. पुढचे राज्यावर अवलंबून. भारतात मात्र १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली २१ वर्षांखालील व्यक्तीला सर्वसाधारणपणे परवानाच मिळत नाही. महाराष्ट्रातील मुलांच्या हाती रायफल येते ती एनसीसीत किंवा नेमबाजीच्या रेंजवर, प्रशिक्षकासमोर.

मुलाच्या हाती बंदूक लागेल अशी ठेवणाऱ्या प्रौढाला जबाबदार धरणारा कायदा प्रथम फ्लोरिडाने १९८९ मध्ये केला. त्यानंतर अनेक राज्यांनी असे कायदे केले. मिशिगनमधील ऑक्सफर्ड येथे २०२१ मध्ये एका १५ वर्षांच्या मुलाने शाळेत चौघा विद्यार्थ्यांना ठार केले; पिस्तूल वडिलांनी काही दिवसांपूर्वीच आणलेले होते. २०२४ मध्ये त्याचे आई आणि वडील दोघेही सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरले.